फल आणि व्यापार : भूमिकाखेळातील वैद्यकीय पात्रांचे आचारनियम

१

आधी संहिता आणि मग प्रयोग हा क्रम नाट्याभ्यासकाच्या अंगवळणी पडलेला असतो. लोकनाट्यात तो सैल होतो. कोकणातील दशावतारी खेळात आख्यान ठरलेले असते, पण संवाद नट आयत्या वेळी रचतात. तरीही तेथे एक आधार कायम असतो. युद्धात कोण पडणार आणि कोण उभा राहणार हे आख्यानानेच ठरवलेले असते, त्यामुळे संवाद कितीही रंगला, लांबला, भरकटला, तरी शेवट नटांच्या हाती नसतो. जेथे संवादही आयता आणि शेवटही अनिश्चित, आणि प्रेक्षक म्हणून वेगळा वर्ग असलाच पाहिजे असे नाही, अशा नाट्याचे नियमन कशाने होते? संगणकावर अनेक खेळाडूंनी मिळून खेळावयाच्या भूमिकाखेळांमुळे हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला आहे. त्याचे सर्वांत बोलके उत्तर या खेळांच्या नियमसंहितांमधील एका दुर्लक्षित प्रकरणात सापडते. ते प्रकरण म्हणजे वैद्यकीय भूमिका घेणाऱ्यांचे आचारनियम.

विवेचनाला एक निश्चित उदाहरण हवे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेचा पाचवा खेळ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१५ मध्ये तो संगणकावर उपलब्ध झाला. लॉस एंजेलिसच्या धर्तीवर रचलेले लॉस सँटोस हे काल्पनिक शहर ही त्याची भूमी. पुढे 'फाइव्हएम' नावाच्या बाहेरच्या मंडळींनी तयार केलेल्या आज्ञावलीमुळे खेळाडूंच्या गटांना या शहराची आपापली प्रत चालवता येऊ लागली. २०२३ मध्ये मूळ निर्मात्या रॉकस्टार कंपनीने ही आज्ञावली करणाऱ्यांना आपल्यात सामावून घेतले. अशा प्रत्येक नगरीत कोणी पोलीस होतो, कोणी टॅक्सीचालक, कोणी दरोडेखोर, आणि कोणी डॉक्टर किंवा रुग्णवाहिकेवरील सेवक. भारतातही हिंदी-इंग्रजी मिश्र बोलीत खेळल्या जाणाऱ्या अशा नगरी उभ्या राहिल्या आहेत. प्रत्येक नगरीची लिखित नियमावली स्वतंत्र असते आणि तपशिलात त्या भिन्न असतात. मात्र वैद्यकीय भूमिकेविषयीचा त्यांचा गाभा बराचसा समान आहे, आणि येथे विचार त्या गाभ्याचाच करावयाचा आहे.

मूळ खेळात मरण स्वस्त होते. पात्र गोळी लागून पडते आणि क्षणात रुग्णालयाच्या दाराशी पुन्हा धडधाकट उभे राहते. तेथे रुग्णालय आहे, पण वैद्य नाही, कारण दुखणेच नाही. भूमिकाखेळ करणाऱ्यांनी या यांत्रिक पुनर्जन्माला आवर घातला. पडलेल्याने पडूनच राहावे, कोणी येऊन उपचार करीपर्यंत वाट पाहावी, असा दंडक त्यांनी घातला. वैद्याची भूमिका या दंडकातून जन्मली. जखमेला किंमत आली तेव्हा जखम बांधणाऱ्याला काम आले, आणि काम आले तेव्हा त्याच्या आचाराचा प्रश्नही आला.

२

या आचाराला पूर्वपरंपरा आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या भूमिकाखेळाच्या मूळ रूपात पात्रांचे तीनच वर्ग होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपासक. जखमा भरून काढण्याचे सामर्थ्य या तिसऱ्या वर्गाकडे होते. जखम किती भरली याचा निर्णय मात्र फासे करीत. उपचार करणारा आणि उपचार घेणारा या दोघांच्या डोक्यावर फाशांचा तटस्थ निवाडा असल्यामुळे त्या दोघांत वाद होण्याचे कारण उरत नसे.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी केवळ शब्दांनी वर्णिलेले, अनेकांनी एकाच वेळी वावरावयाचे 'मड' हे जग संगणकावर आणले. १९८९ च्या 'टायनीमड'पासून या जगांची एक शाखा लढाई आणि गुणसंख्या बाजूला सारून संभाषणाकडे वळली. या शाखेत पुढे फासेही अनेक ठिकाणी मागे पडले. प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राची कृती एका वाक्यात लिहितो आणि ते वाक्य सर्वांना दिसते, अशी रीत रूढ झाली. फासे गेले आणि वाक्य आले. त्याबरोबर एक नवीच अडचण उभी राहिली. 'त्याने तिचा हात मोडला' असे वाक्य एकाने लिहिले तर तिचा हात खरोखर मोडला की नाही? लिहिणाऱ्याचा अधिकार कोठवर पोहोचतो? यातून हळूहळू एक संकेत घडला : प्रत्येकाने आपला प्रयत्न लिहावा, दुसऱ्याच्या देहावर झालेला परिणाम लिहू नये. लॉस सँटोसच्या नगरींनी हा संकेत वारशाने घेतला. त्याच्या भंगाला तेथे 'पॉवरगेमिंग' म्हणतात.

३

शस्त्रधारी पात्राच्या बाबतीत हा संकेत पाळणे तुलनेने सोपे असते, कारण वार करणाऱ्याकडे सर्वजण संशयानेच पाहतात. वैद्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचा हेतू चांगला असतो, आणि समोरचा देह निश्चल पडलेला असतो. दुसऱ्याच्या देहाविषयी लिहिण्याचा मोह सर्वांत अधिक त्यालाच होतो. म्हणून वैद्यकीय प्रकरणातच या संकेताला सर्वांत नेमके रूप आले आहे.

ते रूप दोन आज्ञांवर उभे आहे. पहिली 'मी' आणि दुसरी 'डू'. पहिल्या आज्ञेने खेळाडू आपल्या पात्राची कृती सांगतो. मूळचे हे इंग्रजी सर्वनाम देवनागरीत लिहिताच मराठी 'मी' होते, हा योगायोग गमतीचा आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की 'मी' असे टंकित केले, तरी पडद्यावर पात्राचे नाव आणि तृतीयपुरुषी वाक्य उमटते. लिहिताना प्रथमपुरुष आणि वाचताना तृतीयपुरुष, अशी ही निवेदनाची दुहेरी बैठक आहे. दुसऱ्या आज्ञेने परिस्थितीचे वर्णन केले जाते किंवा परिस्थितीविषयी प्रश्न विचारला जातो. त्या वाक्याला बोलणारे पात्र नसते. एक नमुना पुढीलप्रमाणे कल्पिता येईल :

डॉक्टर, मी : मनगट हातात घेऊन नाडी पाहते.
डॉक्टर, डू : नाडी लागते आहे का?
रुग्ण, डू : लागते आहे, पण मंद आणि अनियमित.
डॉक्टर, मी : मांडीवरील जखमेवर कापडाची घडी दाबून धरते.
डॉक्टर, डू : रक्त थांबते आहे का?
रुग्ण, डू : कमी झाले आहे, पण थांबलेले नाही.

येथे रुग्णपात्र बेशुद्ध आहे. त्याला बोलता येत नाही, आणि त्याने बोलणे हा नियमभंगच ठरेल. पात्र मुके असताना त्याचा खेळाडू मात्र त्या देहाचा निवेदक म्हणून बोलतो. वैद्य विचारतो आणि देह उत्तर देतो. वैद्याने स्वतःच 'नाडी मंद आहे' असे लिहिले असते, तर वाक्य तेच, माहितीही तीच. पण संहितेच्या दृष्टीने तो अपराध झाला असता.

या भेदाचे मर्म भारतीय व्याकरणविचाराच्या साहाय्याने अधिक स्पष्ट करता येते. धातूच्या अर्थात फल आणि व्यापार असे दोन अंश असतात, व्यापाराचा आश्रय तो कर्ता आणि फलाचा आश्रय ते कर्म, ही वैयाकरणांची मांडणी कौंडभट्टाच्या ग्रंथामुळे सुप्रसिद्ध आहे. वैद्य टाके घालतो तेव्हा सुई चालवणे हा व्यापार वैद्यापाशी असतो, आणि जखम मिटणे हे फल रुग्णाच्या देहात असते. सामान्य भाषेत एकच क्रियापद हे दोन्ही अंश पोटात घेते. 'वैद्याने रुग्णाला वाचवले' या वाक्यात प्रयत्न कोठे संपला आणि परिणाम कोठे सुरू झाला हे कळत नाही. भूमिकाखेळाची नियमसंहिता एवढेच करते की ही गाठ सोडवून तिची दोन टोके दोन माणसांच्या हाती देते. व्यापार वैद्याने सांगावा, फल रुग्णाने सांगावे.

मराठीत खेळणाऱ्याला हा नियम भाषेच्या घडणीतच जाणवेल. 'तपासते', 'दाबून धरते', 'सुई टोचते' ही व्यापारप्रधान क्रियापदे वैद्याला मोकळी आहेत. 'बरे करते', 'वाचवते', 'शुद्धीवर आणते' ही फलप्रधान क्रियापदे त्याला वर्ज्य आहेत. हा भेद केवळ कर्तरी, कर्मणी, भावे या प्रयोगांचा नव्हे, कारण 'वैद्य रुग्णाला वाचवते' हे कर्तरी वाक्यही नियमाच्या बाहेरच पडते. उलट रुग्णाच्या बाजूला मराठीने एक खास वाक्यरूप राखून ठेवले आहे. 'त्याला मळमळते', 'त्याला गरगरते', 'डोळ्यांपुढे अंधारते' अशा भावकर्तरी रचनांत करणारा कोणीच नसतो, असतो तो केवळ भोगणारा. 'डू' आज्ञेचे वाक्य भाषेने आधीच घडवून ठेवल्यासारखे वाटते. प्रयोग हा शब्द मराठीत व्याकरणाचाही आहे आणि रंगभूमीचाही. येथे ते दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

फलाचा अधिकार रुग्णाला मिळाला, याचा अर्थ तो स्वैर झाला असा मात्र नाही. उंच इमारतीवरून पडलेल्याने 'काहीच झाले नाही' असे सांगणे, किंवा टाके घालताच धावत सुटणे, हाही नियमभंगच आहे. क्षेमेंद्राने काव्यात ज्याला औचित्य म्हटले तेच येथे रुग्णाचे कर्तव्य ठरते. जखम कशी झाली, किती वेळ गेला, उपचार काय झाले, यांना साजेसेच उत्तर देहाने दिले पाहिजे.

४

खोट्या रुग्णावर वैद्यक करण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याने छेदनक्रियेचा सराव भोपळ्यासारख्या फळांवर करावा आणि पट्टबंधनाचा सराव माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर करावा असे सांगितले आहे. त्या बाहुल्याच्या देहात वैद्याचा व्यापार निर्वेध चालतो, कारण फल सांगणारा कोणी नाही. अमेरिकेत १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञाने निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवले. बाहुल्याला वाचा फुटली, पण काय बोलावे हे शिकवणाऱ्याने ठरवलेले होते. भूमिकाखेळात तिसरी अवस्था येते. येथे रुग्ण कोणाचा बाहुला नाही आणि कोणाचा पढवलेला नटही नाही. आपल्या दुखण्याचा रचनाकार तो स्वतः आहे.

वैद्यालाही ही भूमिका आपोआप मिळत नाही. मोलिएरच्या प्रहसनावरून हरि नारायण आपटे यांनी 'मारून मुटकून वैद्यबुवा' हे प्रहसन रचले. तेथे चोप देऊन एका भलत्याच माणसाला वैद्य केले जाते, आणि अंगावर चढलेल्या त्या अधिकारावर सारा विनोद उभा राहतो. खेळातील बहुतेक नगरींत वैद्य होण्यासाठी अर्ज, मुलाखत आणि ज्येष्ठ खेळाडूंच्या हाताखाली उमेदवारी असा क्रम असतो. खरे वैद्यकीय ज्ञान त्यासाठी आवश्यक मानले जात नाही. तपासले जाते ते वेगळेच : हा खेळाडू थांबू शकतो काय? कारण खेळाच्या आज्ञावलीत रुग्णाला तत्काळ उठवणारी कळ असतेच. ती दाबण्यापूर्वी विचारावे, ऐकावे, वेळ द्यावा, ही अपेक्षा आहे. कळ आधी दाबली की रुग्ण बरा होतो, पण कथा मरते.

५

सद्हेतू पुरेसा नसतो, याचा एक प्रसिद्ध दाखला दुसऱ्या खेळातील आहे. सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात एका राक्षसाच्या शापाने होणारा संसर्ग निर्मात्यांच्या अपेक्षेबाहेर गजबजलेल्या शहरांत पसरला. उपचारसामर्थ्य असलेली काही पात्रे आपण होऊन मदतीला धावली. २००७ मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसिजेस' या नियतकालिकात एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी या घटनेचे विवेचन केले. बाधितांना जगवत ठेवल्यामुळे संसर्ग अधिक काळ पसरत राहिला असावा, याकडे त्यांनी लक्ष वेधले. परोपकाराला मर्यादा हवी ती अशा कारणासाठी.

वैद्यकीय प्रकरणातील उरलेले नियम या मर्यादेचेच आहेत. गोळीबार चालू असताना वैद्याने आत शिरू नये. स्थळ सुरक्षित झाल्याचे पोलिसांकडून कळेपर्यंत थांबावे. पोलीस आणि दरोडेखोर दोघांवरही सारखेच उपचार करावेत. उपचार करताना कळलेली गोष्ट पोलिसांच्या कानी घालू नये. खेळाबाहेर कळलेली माहिती, उदाहरणार्थ दुसऱ्या खेळाडूचे थेट प्रक्षेपण पाहून मिळालेली, पात्राच्या तोंडी आणू नये. या दोषाला 'मेटागेमिंग' असे नाव आहे. याच्या बदल्यात अनेक संहिता वैद्यालाही संरक्षण देतात. त्याचे अपहरण करणे, त्याला लुटणे किंवा त्याला ओलीस धरणे यांवर त्या निर्बंध घालतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दिलेला उपदेश याच्या शेजारी ठेवला असता साम्य आणि अंतर दोन्ही दिसतात. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर फोडू नयेत, आयुष्य सरत आले आहे असे कळले तरी जेथे ते सांगण्याने आघात होईल तेथे सांगू नये, हे चरकाचे दंडक खेळातील वैद्यालाही जसेच्या तसे लागू पडतील. परंतु राजाचा द्वेष करणाऱ्यांना आणि राजाने ज्यांचा द्वेष केला त्यांना औषध देऊ नये, असेही तेथेच सांगितले आहे. चरकाचा वैद्य राजसत्तेच्या छायेत उभा आहे. खेळातील वैद्याचा आदर्श त्याहून पुष्कळ अलीकडचा आहे. जखमी कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा झालीच पाहिजे, हे १९४९ च्या पहिल्या जिनीव्हा कराराचे तत्त्व त्याच्यामागे उभे आहे.

हा संबंध केवळ तात्त्विक नाही. तांबड्या क्रुसाचे चिन्ह हे त्या करारान्वये संरक्षित आहे, आणि भारतातही १९६० च्या जिनीव्हा करार अधिनियमाने त्याच्या अनधिकृत वापराला बंदी आहे. २०१७ मध्ये 'प्रिझन आर्किटेक्ट' या खेळाच्या निर्मात्यांना ब्रिटिश रेड क्रॉसने याबाबत पत्र लिहिले आणि रुग्णवाहिकेवरील त्या इवल्याशा चिन्हाचा रंग बदलण्यात आला. त्याच वर्षी 'आर्मा ३' या युद्धखेळाला आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या सहकार्याने युद्धविषयक कायद्यांवरील एक स्वतंत्र भाग जोडला गेला. खेळातले चिन्ह खोटे असले, तरी ते पाहून बनणारी सवय खरी असते. ज्या चिन्हाकडे पाहून बंदूक खाली यावी, ते सजावटीचे होऊन चालत नाही, ही त्यामागची भूमिका आहे.

६

मरणाविषयीचा नियम सर्वांत सूक्ष्म आहे. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या सूचित कराव्यात, असे नाट्यशास्त्र सांगते. तरीही 'ऊरुभंगा'त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, आणि अभ्यासकांनी या अपवादाची पुष्कळ चर्चा केली आहे. तेथे प्रश्न प्रेक्षकाला काय दाखवावे हा आहे. भूमिकाखेळात प्रश्न बदलतो : मरण्याचा अधिकार कोणाचा?

बहुतेक संहिता दोन प्रकारची मरणे मानतात. पहिल्या प्रकारात पात्र पडते, उपचाराविना राहते आणि रुग्णालयात पुन्हा उठते. उठल्यावर आपल्याला कोणी मारले, का मारले, हे त्याने विसरले पाहिजे. या नियमाला 'न्यू लाइफ रूल' म्हणतात. विस्मृतीची ही अट सूडाची साखळी तोडण्यासाठी आहे. वैद्याने वेळेवर येऊन उपचार केले तर अनेक ठिकाणी ती स्मृती टिकते. म्हणजे वैद्य जीवच नव्हे, आठवणही राखतो. दुसऱ्या प्रकारचे मरण कायमचे असते. पात्र संपते आणि खेळाडूला नव्याने आरंभ करावा लागतो. असे मरण लादता येत नाही. त्यासाठी त्या खेळाडूची संमती, किंवा निदान संचालकांची पूर्वपरवानगी लागते. वैद्याने 'रुग्ण दगावला' असे परस्पर लिहू नये. महिनोन्‌महिने वाढवलेले पात्र हे त्याच्या खेळाडूची निर्मिती असते, आणि तिची अखेर दुसऱ्याने लिहावयाची नसते. फल रुग्णाचे, हे सूत्र येथे शेवटच्या टोकाला पोहोचते.

७

एका ठिकाणी मात्र हे सूत्र थांबते. खेळातील वैद्याला खरे दुखणे सांगितले जाऊ शकते. पात्राच्या तोंडून बोललेल्या वाक्यात खेळाडूचा स्वतःचा आजार, एकटेपण किंवा जीव देण्याचा विचार डोकावू शकतो. मुखवट्याआडून बोलणे सोपे असते, आणि वैद्याचा मुखवटा समोर असला की ते अधिकच सोपे होते. अशा वेळी आपल्या भूमिकेत राहून सल्ला देणारा वैद्य कितीही कुशल नट असला, तरी धोकादायक असतो. म्हणून विचारपूर्वक घडवलेल्या संहिता दोन गोष्टी सांगतात. खेळातील उपचार हा खऱ्या उपचाराचा सल्ला समजू नये आणि तसा देऊही नये. दुसरे म्हणजे, दुःख खरे आहे अशी शंका येताच खेळ थांबवावा, पात्र उतरवावे, माणूस म्हणून बोलावे आणि त्याला खऱ्या मदतीकडे न्यावे. आत्महत्या, लैंगिक अत्याचार, गर्भपात यांसारखे प्रसंग सर्व सहभागींची आधी संमती घेतल्याशिवाय रचू नयेत, हाही याच विचाराचा विस्तार आहे.

भूमिकाखेळाची ही आचारसंहिता साहित्यशास्त्राला काय देते, याचा विचार येथवर येऊन करता येतो. एकाच कथेचे अनेक लेखक असतील, तर प्रत्येकाच्या लेखणीची सीमा कोठे आखावी? या संहितेने ती सीमा कथानकात न आखता क्रियापदाच्या आत आखली. दुसऱ्याच्या देहाविषयी लिहिताना आपला व्यापार सांगावा, त्याच्या फलाविषयी त्याला विचारावे, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावे. दुखणाईताविषयी लिहिणाऱ्या कोणत्याही लेखकाला हा दंडक लागू करून पाहता येईल, आणि ज्याच्या हाती खरा रुग्ण आहे त्यालाही. 'आता बरे वाटते आहे' हे वाक्य वैद्याने उच्चारावयाचे नसते. ते ऐकण्यासाठी त्याने रुग्णाजवळ बसावयाचे असते.